हायकोर्टाची खुर्ची कोण देतो?

उच्च न्यायालयाचा एखादा मोठा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर येतो. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचे नाव आपण वाचतो आणि पुढे जातो. हे गृहस्थ किंवा या बाई त्या खुर्चीपर्यंत पोचल्या कशा, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. सरपंच आपण निवडतो, आमदार निवडतो. तलाठी परीक्षा देऊन येतो, तालुक्याच्या कोर्टातला दिवाणी न्यायाधीशही परीक्षा देऊनच येतो. पण राज्यातल्या सगळ्यात वरच्या न्यायालयातल्या खुर्चीसाठी ना मतदान, ना जाहिरात, ना परीक्षा. मग असते तरी काय?

मी इतिहासाचा विद्यार्थी, वकील नव्हे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी कायद्याच्या पुस्तकापेक्षा एका न्यायालयाच्या गोष्टीत शोधणार आहे. ते न्यायालय म्हणजे आपले मुंबईचे हायकोर्ट. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी न्यायाची शेवटची पायरी तीच. त्याच्यापुढे थेट दिल्ली. गेल्या दोनशे वर्षांत या न्यायालयात न्यायाधीश कोणी नेमायचे, याची चार-पाच वेगवेगळी उत्तरे दिली गेली. नेमणारे हात बदलत गेले. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. न्यायाधीशावर सत्ता चालवायची तर त्याला नेमण्याची किंवा काढण्याची गरज नसते. त्याला ताटकळत ठेवले तरी पुरते.

दोन माणसाळलेले हत्ती

हायकोर्टाच्या आधी मुंबईत एक सुप्रीम कोर्ट होते. आजच्या दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाशी त्याची गल्लत करू नका. १८२३ च्या राजाच्या सनदेने ते स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी सुरू झाले. इथले न्यायाधीश कंपनीचे नोकर नव्हते. त्यांना थेट इंग्लंडचा राजा नेमत असे. कंपनी सरकार आणि राजाचे कोर्ट एकाच बेटावर, आणि दोघांनाही वाटे की आपण वरचढ. भांडण व्हायचेच होते.

ते झाले १८२८ साली, आणि त्याला निमित्त झाला पुण्याचा एक मुलगा. नाव मोरो रघुनाथ. पांडुरंग रामचंद्र नावाच्या पुण्यातल्या वजनदार वडीलधाऱ्याच्या ताब्यात तो होता. मुलाला बेकायदा डांबून ठेवले आहे, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टाने हुकूम काढला : मुलाला आमच्यापुढे हजर करा. हाच तो 'हेबियस कॉर्पस'चा हुकूम, म्हणजे डांबलेल्या माणसाला सदेह न्यायाधीशापुढे उभे करण्याचा आदेश. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा हुकूम बजावू द्यायला साफ नकार दिला. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. मुंबईच्या कोर्टाचा बेलिफ पुण्यातल्या वाड्यात शिरू लागला तर सरदार मंडळींत आमची काय पत राहील, हा त्यांचा सवाल होता. तेवढ्यात नियतीनेही हात धुवून घेतले. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्ये वारले आणि त्यांचे सहकारी सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये. तीन न्यायाधीशांपैकी उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हा गृहस्थ वाकणाऱ्यातला नव्हता. माझा हुकूम मानला जात नसेल तर कोर्ट चालवून उपयोग काय, असे म्हणून १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी चक्क कोर्टच बंद केले.

आता लंडनने काय केले ते पाहा. ग्रँटना बडतर्फ केले नाही. दोन रिकाम्या खुर्च्या भरल्या, एवढेच. मुंबई सरकारचे स्वतःचे वकील, म्हणजे अॅडव्होकेट जनरल जेम्स ड्यूअर यांना ग्रँटच्या डोक्यावर मुख्य न्यायाधीश नेमले, आणि दुसऱ्या बाजूला विल्यम सीमूर यांना पाठवले. हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री लॉर्ड एलनबरो यांनी माल्कमना खासगी पत्रात याचे मर्म लिहिले : दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये रानहत्ती चालवतात, तशी आता ग्रँटची गत होईल. दुर्दैवाने, की सुदैवाने म्हणू, हे पत्र फुटले आणि वर्तमानपत्रांत छापून आले. हसू झाले, संताप झाला. न्यायाधीश नेमताना मंत्र्याच्या मनात काय असते, ते इतक्या उघडपणे क्वचितच कागदावर आले असेल.

ग्रँटवर अन्याय झाला असे सरसकट म्हणता येत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १८२९ मध्येच निकाल दिला की मुंबईबाहेरच्या माणसाबाबत असा हुकूम काढण्याचा या कोर्टाला अधिकार नव्हता. कायद्याच्या मुद्द्यावर ग्रँट हरले. मुद्दा तो नाही. तो वाद प्रिव्ही कौन्सिलने सोडवणे योग्यच होते. त्यासाठी हत्ती पाठवण्याचे कारण नव्हते.

एक खुर्ची, चार माणसे

१८५७ नंतर कंपनी गेली. १८६१ च्या कायद्याने जुने सुप्रीम कोर्ट आणि कंपनीची सदर अदालत यांचे मिळून एक हायकोर्ट झाले आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी ते सुरू झाले. या कायद्याने पहिल्यांदाच खुर्च्यांची वाटणी ठरवली. निदान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर, निदान एक तृतीयांश सनदी नोकर, म्हणजे ज्यांना आपण सिव्हिलियन म्हणत असू. उरलेल्या जागांत इथले वकील किंवा खालच्या कोर्टातले न्यायाधीश यांना वाव. मुख्य न्यायाधीश मात्र बॅरिस्टरच हवा. नेमणूक राणीची, म्हणजे व्यवहारात लंडनच्या भारतमंत्र्याची. मुदत किती? राणीची मर्जी असेल तोवर.

कायद्यात हिंदी माणसाला बंदी नव्हती. कलकत्त्याला १८६३ मध्येच शंभुनाथ पंडित हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मुंबईला मात्र पहिला कायम हिंदी न्यायमूर्ती मिळायला १८८४ साल उजाडले. ते नानाभाई हरिदास. आणि हे कोणी नवखे नव्हते. १८७३ पासून ते हंगामी न्यायाधीश म्हणून काम करत होते. एखादा साहेब न्यायाधीश रजेवर विलायतेला गेला की त्याच्या जागी हंगामी माणूस नेमायचा अधिकार स्थानिक सरकारला असे. अकरा वर्षांच्या अंतराने हा माणूस कायम झाला. काम करायला लायक, पण कायम करायला थांबा, असा तो हिशेब होता.

नानाभाई १८८९ मध्ये वारले. त्यांच्या जागी काशीनाथ त्र्यंबक तेलंग आले. वय अवघे एकोणचाळीसच्या आत. तेलंग १८९३ मध्ये गेले, त्यांच्या जागी महादेव गोविंद रानडे आले. रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले आणि त्यांच्यामागून नारायण गणेश चंदावरकर न्यायमूर्ती झाले. नीट पाहिले तर ही एकच खुर्ची आहे. एक गेला की दुसरा. बद्रुद्दीन तय्यबजी १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले, तेव्हा दुसऱ्या हिंदी माणसाला जागा मिळाली.

यातले रानडे १८७९ मध्ये सरकारच्या संशयाच्या यादीत होते. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या काळात त्यांची नाशिकहून धुळ्याला बदली झाली होती. बदली हेसुद्धा एक हत्यार आहे, आणि तेही आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

तेलंग, तय्यबजी, चंदावरकर हे तिघेही काँग्रेसच्या पहिल्या फळीतले. तय्यबजी १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष, चंदावरकर १९०० च्या लाहोर अधिवेशनाचे. चंदावरकर तर त्या अधिवेशनानंतर लगेच न्यायमूर्ती झाले. मग सरकार खुर्ची देऊन तोंड बंद करत होते का? असे म्हणणारे तेव्हाही होते. न्यायमूर्ती झालेला माणूस सभेत भाषण करत नाही, हे सरकारला चांगले ठाऊक होते.

पण माणूस खुर्चीवर बसल्यावर काय करील, याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात पकडले. त्यांच्या वतीने जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर दिनशा दावर, आणि जामीन दिला न्यायमूर्ती तय्यबजींनी. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. या वेळी समोर न्यायमूर्ती म्हणून बसले होते तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवल्यावर २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा त्यांनीच सुनावली. एकच माणूस, एकच आरोपी. एकदा वकिलाच्या झग्यात, एकदा न्यायमूर्तीच्या.

त्याच दालनाबाहेर आज टिळकांच्या शब्दांची संगमरवरी पाटी आहे. १९५६ मध्ये तिचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांनी केले, आणि त्या शिक्षेबद्दल न्यायालयाच्या वतीने प्रायश्चित्ताची भाषा बोलले. छागला हे १९४७ च्या १५ ऑगस्टपासूनचे मुख्य न्यायमूर्ती. त्या खुर्चीवर कायमपणे बसलेले पहिले हिंदी माणूस.

घटनेने काय ठरवले

स्वराज्य आले, राज्यघटना लिहायला घेतली, आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. आता न्यायाधीश कोणी नेमायचे? घटना समितीत २४ मे १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यावर बोलले. १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली केलेला हा माणूस. प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांचा होता, पण विचार दोन्हींना लागू पडतो. त्यांचे म्हणणे असे : नेमणुका सर्वस्वी सरकारच्या हाती देणे धोक्याचे, आणि विधिमंडळाच्या संमतीवर सोडल्या तर राजकारण शिरणार. मग सरन्यायाधीशांची सहमती सक्तीची करावी का? तेही त्यांना पटले नाही. सरन्यायाधीश मोठे असले तरी शेवटी माणूसच, त्यांनाही रागलोभ असतात, एका माणसाच्या हाती नकाराधिकार कशाला, असा त्यांचा रोख होता. म्हणून मधला मार्ग निघाला.

उच्च न्यायालयासाठी तो मार्ग कलम २१७ मध्ये आहे. न्यायाधीश राष्ट्रपती नेमतील, पण भारताचे सरन्यायाधीश, राज्यपाल आणि त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून. हा 'विचारविनिमय' शब्द फार महत्त्वाचा. विचारायचे, हे नक्की. ऐकायचेच का, हे घटनेने सांगितले नाही. पुढची सगळी भांडणे या एका शब्दात दडलेली आहेत.

घटनेने आणखी एक चांगली गोष्ट केली होती. 'मर्जी असेल तोवर' ही भाषा १९३५ च्या कायद्यानेच गेली होती, आणि निवृत्तीचे वय साठ ठरले होते. १९६३ मध्ये ते बासष्ट झाले. मूळ घटनेत तर हंगामी आणि अतिरिक्त न्यायाधीश हा प्रकारच ठेवला नव्हता. नेमायचा तर कायम नेमा. पण खटले साचू लागले, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने 'अतिरिक्त न्यायाधीश' परत आले, जास्तीत जास्त दोन वर्षांच्या मुदतीचे. हेतू साचलेले काम उरकण्याचा होता. पण व्यवहारात काय झाले? नवा न्यायमूर्ती आधी अतिरिक्त म्हणूनच यायचा, ही रीत पडली. मोठमोठे वकील चालती वकिली सोडून यायचे आणि दोन वर्षे कोणाच्या तरी सहीची वाट पाहायचे. नानाभाई हरिदासांची खुर्ची पुन्हा मांडली गेली.

धोक्याची घंटा लवकरच वाजली होती. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात उच्च न्यायालयांतल्या नेमणुकांवर कडक शब्दांत टीका केली. नेमणुका नेहमी गुणांवर होत नाहीत, मुख्यमंत्री हात घालतात, प्रांत आणि जात पाहिली जाते, असा त्याचा सूर होता. सेटलवाड मुंबईचेच, आणि आयोगाच्या सदस्यांत छागलाही होते. आपल्याच घरातल्या जाणत्यांनी सांगितलेले हे दुखणे होते. सरकारने ते फारसे मनावर घेतले नाही.

कारण न सांगता

मग आली आणीबाणी. १९७६ मध्ये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या सोळा न्यायाधीशांच्या, त्यांची संमती न घेता, परराज्यांत बदल्या झाल्या. मुंबईचे न्यायाधीशही त्यात होते. डांबून ठेवलेल्या माणसाला हेबियस कॉर्पस मागता येतो का, या प्रश्नावर तेव्हा देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी 'येतो' असे म्हटले होते. मुंबई उच्च न्यायालय त्या नऊांत होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने 'येत नाही' असा निकाल दिला. मोरो रघुनाथचा प्रश्न जवळजवळ दीडशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता, आणि उत्तर पुन्हा तेच आले.

त्याच काळातली एक घटना मुंबई हायकोर्टातली. उमेश रंगनाथ लळीत हे अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत त्यांनी काही तरुणांना जामीन दिला होता. मुदत संपल्यावर त्यांना कायम केले गेले नाही. त्यांना काढले असे कोणी म्हणू शकत नव्हते. मुदत संपली, एवढेच. ते पुन्हा वकिलीकडे वळले. त्यांचे चिरंजीव उदय लळीत २०२२ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा ही जुनी गोष्ट पुष्कळांना आठवली.

आणीबाणी गेली, पण हत्यार म्यानात गेले नाही. १८ मार्च १९८१ रोजी केंद्रीय कायदामंत्र्यांचे एक परिपत्रक मुख्यमंत्र्यांना गेले. प्रत्येक उच्च न्यायालयात एक तृतीयांश न्यायाधीश बाहेरच्या राज्यांतले असावेत, म्हणून तुमच्याकडच्या अतिरिक्त न्यायाधीशांची दुसऱ्या राज्यात जायला संमती आहे का ते विचारा, असा त्याचा आशय. वरवर पाहता राष्ट्रीय एकात्मतेची गोष्ट. पण हे विचारले कोणाला? ज्यांची नोकरी अजून पक्की झालेली नाही, त्यांनाच. 'नाही' म्हणण्याची त्यांना किती मोकळीक होती?

याविरुद्ध मुंबईच्या वकिलांनी मुंबई हायकोर्टातच दावा लावला. त्यात पुढे होते इक्बाल छागला, त्याच छागलांचे चिरंजीव. इतर राज्यांतल्या अशाच दाव्यांबरोबर तो दिल्लीला गेला. ३० डिसेंबर १९८१ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल आला. बहुमताने ठरले की विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे. शेवटचा शब्द सरकारचा. वकील हरले.

तरी त्या खटल्याने दोन गोष्टी दिल्या. न्यायाधीशांची नेमणूक हा फक्त त्या न्यायाधीशाचा खासगी मामला नाही, इतरांनाही त्यासाठी कोर्टात जाता येते, हे मान्य झाले. आणि दिल्ली हायकोर्टातल्या एका अतिरिक्त न्यायाधीशांना मुदतवाढ का नाकारली, याचा पत्रव्यवहार सरकारला खुला करावा लागला. तो वाचल्यावर कळले की खुद्द सरन्यायाधीश आणि दिल्लीचे मुख्य न्यायमूर्ती यांची मतेच एकमेकांविरुद्ध होती. १८२९ मध्ये पत्र फुटले होते, इथे ते न्यायालयाने मागून घेतले. सरकारी कारभारातले एक दार तेवढ्यापुरते किलकिले झाले.

जिंकून हरलेला खटला

बारा वर्षांनी पारडे फिरले. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९८१ चा निकाल रद्द केला. आता शेवटचा शब्द न्यायव्यवस्थेचा ठरला. सरन्यायाधीशांनी एकट्याने नव्हे, तर ज्येष्ठ सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नावे ठरवायची. याच मंडळाला आपण न्यायवृंद किंवा कॉलेजियम म्हणतो. १९९८ च्या निकालाने त्याची रचना पक्की झाली. उच्च न्यायालयांच्या नेमणुकांसाठी सरन्यायाधीश आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी.

१९९३ चा खटला वकिलांच्या संघटनेसाठी लढवणाऱ्यांत फली नरिमन होते. १९५० मध्ये मुंबई हायकोर्टातच त्यांनी वकिली सुरू केली होती. पुढे आत्मचरित्रात या खटल्याबद्दल त्यांनी लिहिले, की मी तो जिंकलो, पण हरलो असतो तर बरे झाले असते. सरकारच्या हातून काढलेली सत्ता ज्या बंद खोलीत गेली, ती खोली त्यांना पसंत नव्हती. तरीही २०१५ मध्ये पर्यायी आयोगाचा कायदा न्यायालयापुढे आला, तेव्हा त्याच्या विरोधात तेच उभे राहिले. त्या आयोगात सरन्यायाधीश, दोन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर नागरिक असे सहा जण होते, आणि कोणत्याही दोघांना नाव अडवता येत होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मताने तो रद्द झाला. नरिमन यांच्या दोन्ही भूमिकांत मला विसंगती दिसत नाही. न्यायवृंद वाईट असला तरी मंत्र्याला आत घेणे त्याहून वाईट, असे मानता येते.

आज एखादे नाव कसे प्रवास करते? मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी नावे सुचवतात. साधारण दोन तृतीयांश वकिलांतून, एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांतून. १८६१ च्या वाटणीचा हा दूरचा वारसा. मग मुख्यमंत्री व राज्यपालांचे मत, केंद्रीय कायदा मंत्रालय, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायवृंद, पुन्हा मंत्रालय, पंतप्रधान, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. सरकार एकदा नाव परत पाठवू शकते. न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवले तर नेमणूक करणे सरकारवर बंधनकारक आहे. पण कधीपर्यंत? त्याला पक्की मुदत नाही. आणि सगळी गोम तिथेच आहे.

मुंबईचेच उदाहरण घ्या. वकील सोमशेखर सुंदरेशन यांचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने २०२२ च्या फेब्रुवारीत मंजूर केले. समाजमाध्यमांवर ते मते मांडतात, म्हणून सरकारने फेरविचार करायला सांगितले. मत मांडल्याने माणूस अपात्र ठरत नाही, असे कारण लिहून न्यायवृंदाने २०२३ च्या जानेवारीत तेच नाव पुन्हा पाठवले. नेमणूक झाली २०२३ च्या नोव्हेंबरात. हे निदान झाले तरी. वाट पाहून कंटाळलेल्या वकिलांनी आपली संमतीच मागे घेतल्याची उदाहरणे देशात आहेत. नाही म्हणायचे नाही, होही म्हणायचे नाही, फाईल ठेवून द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या मंजूर जागा चौऱ्याण्णव आहेत. त्या सगळ्या भरलेल्या असणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. रिकाम्या खुर्चीची किंमत कोण भरतो? ज्याची तारीख पुढे जाते, तो पक्षकार.

न्यायवृंदाच्या बाजूनेही सारे आलबेल नाही. नावे कोणती आली हे कळते, कोणती वगळली आणि का, ते कळत नाही. मुंबई हायकोर्टात पहिली महिला न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आल्या. न्यायालय सुरू होऊन एकशे सोळा वर्षे झाली होती. यादी करणाऱ्यांच्या ओळखीतलीच माणसे यादीत येतात. त्याला कोणाचा वाईट हेतूच असावा लागतो असे नाही.

मग निवडणूकच घ्यावी का? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोक मतदानाने निवडतात. विस्कॉन्सिन राज्यात २०२५ मध्ये अशा एका जागेसाठी सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले. ज्याच्या पैशावर निवडून आलो, त्याचाच खटला समोर आला तर काय? मिसूरी राज्याने १९४० मध्ये वेगळी वाट काढली. वकील, नागरिक आणि न्यायाधीश यांची समिती तीन नावे काढते, गव्हर्नर त्यातले एक निवडतो, आणि काही काळाने हे न्यायाधीश राहावेत की नाही एवढेच मतदारांना विचारले जाते. तिथेही कुरबुरी आहेत. दोष नसलेली पद्धत मला कुठेच आढळली नाही.

म्हणून नेमणार कोण, या एकाच प्रश्नावर आपण जितकी ताकद घालवतो, तितकी ती घालवू नये असे मला वाटते. राजा, भारतमंत्री, कायदामंत्री, न्यायवृंद, सगळे करून झाले. मागायच्या गोष्टी त्याहून साध्या आहेत. नावावर निर्णय किती दिवसांत होणार, याची मुदत. नाव नाकारले किंवा परत पाठवले तर त्याचे लेखी कारण. आणि अतिरिक्त न्यायाधीशाला कायम न करण्याचे कारण निदान त्याला तरी सांगणे. २०१७ पासून न्यायवृंदाचे ठराव संकेतस्थळावर येऊ लागले. पुढे त्यातली कारणे आखडती झाली, पण पाऊल पडले होते, हे खरे.

यापुढे हायकोर्टाच्या नव्या न्यायमूर्तींची चार ओळींची बातमी आतल्या पानावर दिसली, तर ती ओलांडून जाऊ नका. नावे किती होती, किती आली, किती महिने लागले, एवढे तरी पाहा. आपल्यापैकी कोणाचा जमिनीचा वाद, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाच्या मुलाचा जामीन त्या नावांपुढे जाणार आहे. आणि त्या दिवशी समोर बसलेला माणूस कोणाच्या सहीची वाट पाहत नसावा, एवढी अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)